विमानानं पावणेदोन तास

यवतमाळच्या एसटी स्टँडवर मला सोडायला फक्त बाबा आले होते. आई घरीच थांबली. निघताना एवढंच म्हणाली, "उशीर झाला तरी ये. ताट झाकून ठेवीन." नागपूरपर्यंत बस, पुढे रात्रभर रेल्वे. दिल्ली किती लांब, हे घरच्यांनी त्या दिवशी ठरवलं ते कायमचं.

दिल्लीत मुनिरक्यातल्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. बाकीचे दोघे यूपीएससीचा अभ्यास करत. मी गुडगावात नव्यानं उठणाऱ्या इमारतींना ॲल्युमिनियमच्या खिडक्या विकत फिरे. बिल्डरशी भांडलो, काचवाल्याशी भांडलो, आणि त्यातूनच धंदा उभा राहिला. पुढे तिथेच फ्लॅट घेतला. विमानं स्वस्त झाली तेव्हा ताईला फोनवर म्हणालो, "आता दिल्ली लांब राहिली नाही. पावणेदोन तास, बस."

ताईच्या मीनलचं लग्न ठरलं. मी तिचा एकुलता एक सख्खा मामा. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं. मुहूर्त गोरज होता, म्हणून सकाळचं विमान धरलं. धुक्यामुळे ते दुपारपर्यंत हललं नाही. नागपूरला टॅक्सीवाल्यानं तोंडाला येईल तो भाव सांगितला, मी सवयीनं निम्म्यावर आलो. तो म्हणाला, "साहेब, लग्नाले जाऊन राहिले ना तुम्ही? भाव रस्त्यात करू. आधी बसा." रस्ता अर्धा खणून ठेवलेला होता.

पोहोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मीनलच्या मागे माझा चुलतभाऊ सुधाकर उभा होता. मुहूर्त कोणासाठी थांबत नाही, ते मला मान्य आहे. पण त्याच्या अंगावर मामाच्या मानाचा सफारी होता, बरोबर त्याच्या मापाचा. धुकं त्या दिवशी पडलं होतं. शिंप्याला माप त्याआधीच गेलं असणार.

मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "तू दिल्लीचा, बाळू. तुझा भरवसा कसा धरायचा? जेवून घे, ताट झाकून ठेवलंय."

मी जेवलो नाही. त्याच टॅक्सीनं परत फिरलो. परतीच्या भाड्याला घासाघीस केली नाही.

आता आईबाबा नाहीत. दिवाळीला यवतमाळला ताईकडे जातो, सुधाकरशीही बोलतो. राग गेलेला नाही, जावा असं वाटतही नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मीनल आता नोएडात असते. गुडगावहून तिच्याकडे जायला कधीकधी नागपूरच्या विमानापेक्षा जास्त वेळ लागतो. मागच्या रविवारी तिनं जेवायला बोलावलं आणि मी दिल्लीत आश्रम चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. फोन करून म्हटलं, "तुम्ही बसा जेवायला."

"मामा, आरामात या. आम्ही थांबतो."

मागून तिच्या मुलीचा आवाज आला, "मम्मी, भूख लगी है यार."

"केळं खा. आजोबा आले की जेवू."

पोहोचलो तेव्हा टेबलावर ताटं उपडी होती. पोरगी फुरंगटून बसलेली. जावई पेपर दुसऱ्यांदा वाचत होते. मीनल गॅस पेटवायला उठली.

घर कुठलं, असं कोणी विचारलं तर मी अजून यवतमाळच सांगतो. तिथं माझं ताट आजही झाकून ठेवतात. नोएडात ते मी आल्यावर वाढतात.