अण्णांनी निवडलेलं टोक

मला उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. लहानपणी गजराचं घड्याळ उघडून मार खाल्लाय. त्यामुळे अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कानाचं मशीन बंद पडलं तेव्हा घरात सगळे हळहळले आणि माझे हात शिवशिवायला लागले.

अण्णा मैंदर्गीकडून सोलापुरात आले ते टॉवेलच्या कारखान्यात. सगळी नोकरी मागांच्या खडखडाटात गेली, कानही त्यातच गेले. त्यांचं मशीन जुन्या पद्धतीचं. बंडीच्या खिशात एक डबी आणि तिच्यापासून कानापर्यंत वायर. ते आधी खरखरलं, मग मुकं झालं. दुकानात म्हणाले, हे आता दुरुस्त होत नाही, कानामागं बसणारं नवीन घ्या. घालून पाहिलं, तर अण्णांच्या जाड बोटांना त्याचं बटणच सापडेना. "नगं," म्हणाले. तेव्हापासून नुसते बसून असायचे. विचारलेलं कळत नाही म्हणून त्यांनी बोलायचंच जवळजवळ सोडलं. आई म्हणायची, "माझा भिंतीसंगं संसार चाललाय." मला ते बघवेना.

शेवटी डबी उघडली. आत हिरवा बोर्ड, त्यावर मोहरीएवढे भाग. वायर जिथं खोचायची तो सॉकेट हलत होता. नखानं दाबला की इअरफोनमध्ये गुंऽऽ व्हायचं, सोडला की गप्प. म्हणजे तिथलं सोल्डरिंग, कथलाचा डाग, तडकला होता! एवढंच? मग हे आपल्याला का जमू नये?

आई, अण्णा आणि मी, आम्ही तिघं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो. काय काय होतं तिथं! चेन लावलेल्या पिशवीत आख्खा किट, त्यातल्या निम्म्या वस्तू कशासाठी आहेत ते मला कळेना. गरम हवा फेकणारं एक यंत्र होतं. हे कशाला, ते कशाला, असं विचारून मी दुकानदाराचं डोकं खाल्लं. तो बिचारा शांत. "ताई, त्या हवेनं मोठ्या बोर्डावरचे आयसी काढतात. तुम्हाला नको. उष्णता कमीजास्त होणारं साधं सोल्डरिंग आयर्न घ्या." आईनं सांडलेलं सोल्डर टिपून घ्यायची तांब्याची पट्टी उचलली, नखानं तिचे धागे सुटे केले आणि म्हणाली, "हे विणल्यालं न्हाय, येणी घातलीया." दुकानदारानं पहिल्यांदाच त्या पट्टीकडे नीट बघितलं असावं.

मग आली आयर्नला लावायची टिप. दुकानदारानं छिन्नीसारखी चपटी पुढं केली. अण्णांनी ती बाजूला सारली आणि टिपांच्या खोक्यातून सुईसारखी टोकदार उचलली. "बारीक काम हाय, बारीकच घ्या की." दुकानदार त्यांच्या कानाशी ओरडून सांगतोय आणि अण्णा मान डोलवत तीच टिप माझ्या हातात कोंबतायत. जन्मभर त्यांनी सूत बोटांत धरून पारखलं. बारीक ते उंची, जाडंभरडं ते हलकं. आमच्या घरात यावर कधी वाद झालेला नाही, त्यामुळे मलाही ते पटलं.

नशीब, आधी जुन्या रिमोटवर हात बसवायला घेतला. सोल्डर वितळेचना. उष्णता वाढवली तर टोक काळं पडलं. मी चिडून दाबलं, तर बोर्डावरचा तांब्याचा ठिपकाच उखडून टोकाला चिकटून आला. हेच अण्णांच्या मशीनवर झालं असतं तर कायमचं संपलं होतं. पण असं का व्हावं? टोक तर चांगलं तापलेलं होतं. बराच वेळ बघत बसल्यावर उमगलं. ते तापतं, पण तापलेलं दुसऱ्याला देता येत नाही. एवढंसं टेकतं, किती देणार? अंघोळीचं पाणी चमच्यानं काढल्यासारखं.

मुकाट्यानं परत जाऊन चपटी टिप आणली. आयर्न टेकवलं, सोल्डर लावलं, आणि ते असं झरकन पसरून चकाकलं की मी एकटीच "हात्तिच्या!" म्हणून ओरडले. रिमोटचे उरलेले सगळे सांधे हौसेनं काढले आणि पुन्हा जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांची डबी घेतली. आई भिंग धरून बसली, अण्णा समोर. सॉकेटचे पाय एकेक करून जोडले, सेल घातला, इअरफोन त्यांच्या कानात बसवला. त्यांनी डबीवरचं चाक फिरवलं.

"अण्णा, येतंय का ऐकू?"

त्यांनी मला हातानंच गप्प केलं. आईच्या दिशेनं मान कलती करून ऐकत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तुझ्या छातीत ही शिट्टी कवापासनं वाजतीया?"

"काय न्हाय वो. धूळ हाय."

"कवापासनं?"

आईनं भिंग खाली ठेवलं. "पावसाळ्यापासनं. रात्री दम लागतुया. सांगून तुमाला कुटं ऐकू येणार हुतं?"

ती मला सांगू शकली असती की. मी त्याच घरात, कान धड असलेली. पण तिला ते त्यांनाच सांगायचं होतं. मला एकदम रडूच फुटलं. अण्णांनी तोवर चपला पायात सरकवल्या होत्या. "ऊठ," ते आईला म्हणाले, "दवाखान्यात जाऊ. आन् वाटंनं बोल. समदं सांग."