क्लोरीन बरोबर, फ्लोरीन चूक
टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली की येणाऱ्या क्लोरीनच्या वासाने माझं आजही डोकं फिरतं. ग्वाल्हेरला, माधवगंजातल्या कोचिंगमध्ये सरांनी विचारलं, नव्या इलेक्ट्रॉनची ओढ कोणत्या हॅलोजनला सगळ्यात जास्त? आवर्त सारणीच्या गटात खालून वर ती वाढते, असं त्यांनीच शिकवलेलं, म्हणून मी सगळ्यात वरचा फ्लोरीन सांगितला. “गलत! क्लोरीन. फ्लोरीन छोटा है, अंदर पहले से भीड़ है, नए को धकेलता है.” वर्ग हसला. मग नियम शिकवता कशाला? धुमसतच घरी आले, तर आमच्या पाच जणांच्या खोलीत आतेबहीण वळकटी घेऊन उभी, शिकायला म्हणून राहायला आलेली. “इथे जागा नाही,” मी फटकन म्हणाले. ती त्याच संध्याकाळी परत गेली. आता माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत, बोलावलं की म्हणते, “कशाला गं, तुला अडचण.”