सिलोनात सरकार बदललं आणि मी मद्रासला गेले

मद्रासला जायचं माझ्या कधी स्वप्नातही नव्हतं. पण माझ्या मुलीनं, शांतानं, कोलंबोहून कळवलं: जावयांचा तिथं राहायचा परवाना संपत आलाय, वाढवून देतील असं दिसत नाही, मी मुलांना घेऊन पुढं येते, तू मद्रासला ये. जावई तिथं एका कापडाच्या पेढीवर मुनीम. लग्न झाल्यापासून पोर समुद्रापलीकडं, दोन्ही बाळंतपणं तिकडंच. मी म्हटलं, सुटली एकदाची. आता सोलापुरात माझ्याजवळ राहील.

मी तिकीट काढलं आणि तिकडं निवडणूक झाली. पासष्ट सालची गोष्ट. आधीचं सरकार एका बाईंचं होतं, ते पडलं. पेपरात आलं, पुराणमतवादी जिंकले. मी शाळेत गेले ती जेमतेम बाराखडी येईपर्यंत. मला वाटलं, हे सोवळ्यातले लोक दिसतात, आपल्या माणसांना ओसरीवरसुद्धा उभं करायचे नाहीत. शेजारचे मास्तर म्हणाले, "उलट आहे, काकू. हे भारताशी जमवून घेणारे." मी विचारलं, "मग बाईंचं का जमत नव्हतं?" मास्तर चष्मा पुसायला लागले. मास्तर चष्मा पुसायला लागले की समजावं, त्यांनाही माहीत नाही.

जाणाऱ्यांसाठी सांगते. मेलचा तिसरा वर्ग चालतो, पण खिडकीजवळ बसू नका, कोळशानं डोळे जातात. भाकरी कडक भाजून घ्या, शेंगाची चटणी घ्या, कारण रायचूर मागं पडलं की भाताशिवाय काही मिळत नाही. गुंटकलला गाडी निवांत उभी राहते, तिथं तोंड धुऊन घ्यावं.

पुढं माझी पंचाईत झाली. मला वाचता येतं ते बाळबोधच. तमिळ मुलखात स्टेशनच्या पाटीवर हिंदीची तेवढीच एक ओळ माझ्या कामाची, आणि नेमकं तिच्यावर डांबर फासलेलं! त्या वर्षी तिकडं हिंदीवरून मोठं रण माजलं होतं. मी समोरच्या गृहस्थाला माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "कौनसा टेसन?" त्यानं तोंड फिरवलं. मग मराठीत विचारलं, हातवारे करून. तर तो हसला, बोटावर स्टेशनं मोजून दाखवली आणि वर एक केळंही दिलं. त्याला माझं काय खटकलं आणि मग काय आवडलं, मला अजून उमगलेलं नाही.

सेंट्रलला वसंता आला होता. हा माझ्या भावाचा मुलगा, रेल्वेत कारकून, टी. नगरात रुक्मिणीबाईंच्या घरी भाड्यानं राहतो. बसनं गेलो. रिक्षावाले परका माणूस ओळखतात, तोंड उघडायच्या आत भाव दुप्पट करतात.

रुक्मिणीबाई तंजावरच्या मराठी. भाषा आपलीच, पण सूर तमिळ, आणि मधूनच असा जुना शब्द टाकतात की माझ्या आजेसासूबाई उठून आल्यासारखं वाटावं. दारातच म्हणाल्या, "या अक्का. आधी काप्पी, की आधी न्हाणं?" जेवायला डांगर पच्चडी केली होती. म्हणजे आपलंच उडदाचं डांगर, दह्यात कालवून वर फोडणी. अशी चव माझ्या हातच्या डांगराला कधी आली नव्हती, पण त्यांना तसं सांगितलं नाही.

जेवताना मी वसंताला धरलं. तो म्हणाला, "आत्या, आता सगळं निवळणार. नव्या सरकारनं तिथल्या तमिळांना बरोबर घेतलंय. कुणाला घाईनं हाकलणार नाहीत."

रुक्मिणीबाई वाढता वाढता थांबल्या. "आणि दिल्लीनं सही केली ती? लाखांनी माणसं परत घेतों मणून?"

"ती आधीच्या बाईंबरोबर केली."

"मग काय, बाई गेल्या की सही पुसते?"

"पुसत नाही हो. सावकाश होते."

"माणसं आहेत का धान्याची पोती?" मी म्हटलं. "वसंता, एक काय ते सांग. शांता येणार का?"

"येणार."

"राहणार का?"

"ते सरकारवर आहे, आत्या."

"कुठल्या?"

त्यानं ताकाची वाटी तोंडाला लावली.

बोटीची माणसं आणणारी गाडी एग्मोरला येते, सेंट्रलला नव्हे, हे ध्यानात ठेवा. आणि तिकडं जाणाऱ्यांनी कुणा जुन्या माणसाचं ऐकून धनुष्कोडीचं तिकीट मागू नये. ते गाव आदल्या डिसेंबरात समुद्रानं गिळलं. आता बोट रामेश्वराकडून.

फलाटावर सिलोनातल्या चहाच्या डोंगरांवरून आलेली काही माणसं गाठोड्यांवर बसली होती. एक म्हातारी दिसेल त्याला काही विचारत होती. रुक्मिणीबाईंनी सांगितलं, "आपलें गाव कोठें, मणून विचारते. तिचा आजा तिकडं गेला. हिनं हा देश पाहिलाच नाही." गावाचं नाव मात्र तिला ठाऊक नव्हतं. परत कुठं जाणार ती? मी तिला शेंगाची चटणी दिली. दुसरं काय देणार?

मग शांता उतरली. दोन मुलं, एकच ट्रंक, आणि मांडीवर मावेल एवढा तांब्याचा डबा छातीशी धरलेला. तो डबा मी ओळखला. तिचे देव. माझा जीव भांड्यात पडला. संसार हलल्याशिवाय बाई देव हलवते का? आता पेपरवाले आणि मास्तर काय वाटेल ते म्हणोत. मी तिला काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. वसंताला सोलापूरच्या तिकिटांची चौकशी करायला लावली. मुलांना पाटी आणली, कारण दोघांना तमिळ येतं, इंग्रजी येतं, पण मराठीत 'अ' काढता येत नाही. शांता रोज सकाळी न्हाऊन रुक्मिणीबाईंच्या देवघरात आपले देव मांडायची, त्यांना आंघोळ घालायची, गंधफूल करायची. मी म्हणायची, "पोरांना आमच्या गल्लीतल्या शाळेत घालू." ती म्हणायची, "बघू गं आई." मला वाटलं, दमलीय.

एका संध्याकाळी समुद्रावर गेलो. सुंडल घ्या तिथं, हरभऱ्याची असते, खोबरं घातलेली. पाण्याजवळ बसणाऱ्याकडून घेऊ नका, वाळू येते. नातीनं विचारलं, "आजी, बाबा एकटेच कसे राहतील?" मी म्हटलं, "येतील की मागून." शांता पाण्याकडं बघत होती. सुंडल तिनं खाल्लीच नाही.

पुढच्या आठवड्यात वसंता कचेरीतून धावतच आला. "आत्या, तार! भाऊजींचा परवाना वाढला. बायको-मुलांचासुद्धा. बघ, मी म्हणत नव्हतो? दोन देशांचे संबंध सुधारले!"

तार वाचून शांताचा चेहरा असा उजळला की मी नजर खाली घेतली. ती सरळ देवघरात गेली आणि डब्यात मऊ फडकं अंथरायला लागली.

"अगं, देव घेऊन आलीस ना तू?" मी म्हटलं. "मग परत कशी जातेस?"

"मग काय करायचं होतं, आई? हे सकाळी घाईत दोन तांबे ओतून पळणार, जेवण खाणावळीत. तिथं ठेवले असते तर पूजा कुणी केली असती? देव पारोसे ठेवू?"

हे मला कळायला हवं होतं. चार दिवस बाहेरगावी जायचं तरी मी स्वतः माझे देव शेजारी पूजेला देऊन जाते. तिच्या शेजारी कोण आपलं होतं, कुणाकडं देणार?

"मी म्हटलं होतं का तुला, की कायमची आले?" शांता हळू आवाजात म्हणाली. "तिथं माझं घर आहे गं."

"इथं नाही का?"

"इथं तुझं आहे."

रुक्मिणीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तांदूळ आणि नारळ आणून माझ्या हातात दिला. मी पोरीची ओटी भरली. रडले नाही. एग्मोरला मुलांनी खिडकीतून हात हलवले, धाकट्यानं तर दोन्ही.

येताना गाडीत मी कुणाला काही विचारलं नाही. पाट्या बघत आले.

सोलापुरात मास्तर भेटले. "काय काकू, झालं ना तुमच्या मनासारखं? भांडण निवळतंय." मी म्हटलं, "हो, निवळतंय." पोरीचा संसार मोडला नाही, हे चांगलंच झालं. पण तिकडच्यांनी दिल्लीशी भांडण धरलं असतं तर पोर आज माझ्या चुलीपुढं बसली असती, हेही खरंच. दोन्हीतलं मला काय हवं होतं, विचार करायला गेलं की डोकं दुखतं.

मागची खोली मी तिच्यासाठी चुना लावून ठेवली होती. परवा गिरणीतलं एक जोडपं ती भाड्यानं मागायला आलं. मुलगी चांगली वाटली, तिनं आल्या आल्या मोरी बघितली. नवरा म्हणाला, "आजी, खोली कायमची मिळेल ना? पुन्हा पुन्हा बिऱ्हाड हलवायला नको."

मी म्हटलं, "सिलोनात पुढची निवडणूक होईपर्यंत राहा."

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मी किल्ली दिली.