ह्यांची कबर उघडली तो सोमवार

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर फादरांनी सूचना वाचली. सिमेंटरीत जागा उरलेली नाही, म्हणून मागच्या भिंतीलगतच्या कबरी ईस्टरनंतर उघडण्यात येतील. घरच्यांनी हजर राहून अस्थी भिंतीतल्या कप्प्यात ठेवाव्यात, नाहीतर त्या अस्थींच्या सामाईक विहिरीत जातील. आमच्या पापडी गावात हे नवीन नाही. माझ्या सासऱ्यांची कबर अशीच उघडली होती, आणि मी तेव्हा घरी सगळ्यांसाठी चहा करत होते. पण मागच्या भिंतीलगत आता माझा नवरा होता. मी बाकावर बसूनच राहिले. माणसं बाहेर पडली, बायका माझ्याकडे बघून गेल्या, आणि मला उठता येईना.

हे कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. भर दुपारी रुग्णवाहिका आली. मलाही ताप होता, म्हणून मी आतल्या खोलीत बंद. खिडकीतून मी फक्त त्यांची पाठ पाहिली. मोबाइल, चार्जर आणि टॉवेल असलेली पिशवी त्यांनी स्वतःच उचलली होती. नवव्या दिवशी इस्पितळातून फोन आला. मातीला मला जाता आलं नाही. माझ्या मोठ्या नणंदेने सिमेंटरीच्या फाटकाबाहेर उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. पांढरे पोशाख घातलेली चार माणसं, त्यांच्या मध्ये दोरीने बांधलेलं प्लॅस्टिकचं गाठोडं, आणि तिथेच चित्र थिजलं. पुन्हा जोडणी लागली तेव्हा माती सारखी करून झाली होती.

मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. आमच्यात मेलेल्या माणसाला आंघोळ घालतात, लग्नातला सूट चढवतात, हातात रोजरीची माळ देतात. ह्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. त्या दिवसांत इस्पितळांतून मृतदेहांची अदलाबदल झाल्याच्या बातम्या यायच्या. चार वर्षं मी दर रविवारी त्या कबरीवर मेणबत्ती लावली आणि प्रत्येक वेळी मनात एकच, आत हेच आहेत ना?

त्यात बाजारात एक बाई मासे निवडता निवडता सांगून गेली की प्लॅस्टिकमधली मढी कुजत नाहीत. कुठल्याशा गावात कबर उघडली आणि जशीच्या तशी बंद करावी लागली म्हणे. मी हातातला बोंबलांचा वाटा तिथेच ठेवून घरी आले. त्यानंतर मला कसलंही प्लॅस्टिक उघडायची भीती वाटू लागली. दुधाची पिशवी कापतानाही मी तोंड फिरवायचे.

आणि मी तर धर्मशिक्षणाचा वर्ग घेणारी. पहिल्या कम्युनियनची तयारी करणाऱ्या मुलांना वीस वर्षं मी भिंतीवरचा तक्ता दाखवत आले होते. बाजूला सरकलेला धोंडा, येशूची रिकामी कबर. उघडी कबर म्हणजे आनंदाची बातमी, असं मी त्यांच्याकडून पाठ करून घ्यायचे. त्या वर्षी तो तक्ता माझ्याच्याने लावला गेला नाही. मिस्सामध्ये सगळे विश्वास-कबुली म्हणत असताना 'देहाचे पुनरुत्थान' आलं की माझा आवाज बंद व्हायचा. कुठला देह? कसल्या अवस्थेतला? आणि काहीच नसलं तर?

शेवटी मी फादरांकडे गेले आणि वर्ग दुसऱ्या कुणाला द्या म्हणाले. कारण विचारल्यावर सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता प्रवचन ऐकावं लागणार. पण ते एवढंच म्हणाले, "टीचर, ईस्टरच्या त्या पहिल्या सकाळी बायका येशूच्या कबरीकडे गेल्या, त्या काही गाणी म्हणत गेल्या नव्हत्या. कबर रिकामी दिसल्यावरसुद्धा त्या भिऊन पळाल्या. शुभवर्तमानात तसंच लिहिलंय." वर्ग त्यांनी महिनाभर स्वतः घेतला.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी आठला आम्ही दोघी नणंद-भावजय सिमेंटरीत गेलो. नणंदेच्या हातात पांढरं कापड आणि लाकडी पेटी होती. कबरी खणणारे काका पाचूबंदरचे. तरुणपणी ते मासेमारीच्या बोटीवर जायचे आणि गुडघे गेल्यावर या कामाला लागले. त्यांची धाकटी माझ्या शाळेत शिकलेली, म्हणून तेही मला टीचरच म्हणायचे. त्यांनी मला आंब्याच्या सावलीत थांबायला सांगितलं. मी ऐकलं नाही. चार वर्षांपूर्वी मी लांबच होते, आता नाही, असं काहीतरी मी बोलले असेन.

कमरेइतकं खणून झालं आणि फावडं प्लॅस्टिकला लागलं. तो आवाज ऐकला आणि मी नणंदेचा हात पकडला. काका थांबले, वर बघितलं, मग फावडं बाजूला ठेवून हातानेच माती सारू लागले. मी डोळे मिटून घेतले. वास येईल म्हणून श्वास रोखला. वास आला तो नुसत्या ओल्या मातीचा.

"फाटलंय," काका खालून म्हणाले. "पानी आत गेलेलं. हाडंच हायेत, टीचर. भिऊ नका."

मी डोळे उघडले नाहीत. नणंद मात्र वाकून बघत होती. एकाएकी तिने माझा दंड इतका घट्ट दाबला की दुखलं. "वहिनी," ती म्हणाली, "सळी आहे."

सातिवलीच्या कारखान्यात असताना ह्यांच्या डाव्या मांडीवर यंत्र पडलं होतं. हाड जोडायला डॉक्टरांनी आत स्टीलची सळी घातली होती. पावसाळी हवेत ती दुखायची आणि हे पलंगावर मांडी चोळत बसायचे. काकांनी दोन्ही हातांनी मांडीचं हाड वर धरलं होतं आणि त्यातून ती सळी डोकावत होती. हेच होते. चार वर्षं हेच होते. मी तिथे मातीत बसले आणि जेवढी रडले, तेवढी ते गेल्याचा फोन आला तेव्हाही रडले नव्हते.

काकांनी बादलीभर पाणी आणलं. हाडं धुवून पेटीत ठेवतात, ते काम त्यांचंच. पण त्यांनी मला विचारलं, तुम्ही धुता का? नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मग पदर खोचला. पहिलं हाड हातात घेतलं. किती हलकं होतं ते. एकेक घेत गेले. बोटांची हाडं छोटी, ती ओंजळीतून निसटायची. घाईत एक हाड वरूनच बादलीत टाकायला गेले तर काकांनी माझा हात थांबवला.

"सावकाश, टीचर. परत लागनार हायेत."

त्यांनी हे माझं समाधान करायला म्हटलं नव्हतं. उद्या लागणारी जाळी नीट घडी करून ठेव म्हणावं, तसं म्हटलं आणि पुढचं हाड माझ्या हातात दिलं. मी वीस वर्षं तक्त्यावर शिकवलं ते पुनरुत्थान हा माणूस हाडं मोजताना धरून चालला होता. माझी भीती गेली नाही. कवटी धुताना तर नजर बाजूलाच होती, बोटांनीच धुतली. पण चार वर्षांपूर्वी राहिलेली आंघोळ मी त्या दिवशी ह्यांना घातली. फादर आले, पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं, आम्ही चौघांनी विश्वास-कबुली म्हटली. 'देहाचे पुनरुत्थान' या शब्दांपाशी माझा आवाज फाटला, पण थांबला नाही.

तिसऱ्याच दिवशी त्या कबरीत आमच्या आळीतली एक म्हातारी पुरली. मी मातीला गेले. तिची लेक फ्लॅट घेऊन तुळिंजला राहणारी, आईजवळ शेवटी नव्हती. शवपेटी खाली सोडताना तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "टीचर, मला खूप भीती वाटते."

"मलाही वाटते," मी म्हटलं. "स्वतःच्या हातांनी ह्यांची हाडं धुतली तरी वाटते. पण ती उठणार आहेत, असंच धरून मी ती धुतली."

आम्ही दोघींनी मूठ मूठ माती घेतली.