वडगावचं स्पेलिंग आणि निपाणीची नवरी

आक्काचा फोन आला तेव्हा मी अनगोळमध्ये घरासमोर मोटारसायकल धूत होतो. रविवार, सकाळचे साडेदहा.

"लगेच ये रं. टॅब्लेट मेलाय."

"मेलाय म्हणजे?"

"म्हणजे जित्ता हाय, पण हलंना. निपाणीची नवरी त्यात अडकल्या."

मी साबणाच्या हातानंच गाडीला किक मारली.

आक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही. आई गेल्यावर वडगावातले आमचे चार यंत्रमाग तिनं आणि आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मिळून सांभाळले. आधी सगळ्या साड्या दुकानदार उचलायचे. मग एके दिवशी आक्कानं टॅब्लेट आणला, तो मागांच्या शेडमध्ये एका उंच स्टँडवर बसवला आणि त्याच्यासमोर उभी राहून, खांद्यावर पदर टाकून, गिऱ्हाइकांना व्हिडिओवर साड्या दाखवायला लागली. आमच्या गल्लीत हे करणारी ती पहिलीच. सुरुवातीला शेजारणी खिडकीतून बघून हसायच्या. नंतर त्याच येऊन विचारायला लागल्या, "आमच्याबी दोन दाखव की गं."

मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत आहे. ओतून आलेल्या भागांवर हातोडी मारून आवाज ऐकायचा आणि आत तडा आहे का ते सांगायचं, हे माझं काम. पण घरच्यांच्या लेखी उद्यमबागेत नोकरी म्हणजे जगातलं सगळं यंत्र कळतं. मिक्सर बिघडला, मला फोन. टीव्हीवर मुंग्या आल्या, मला फोन. मीही कधी कबूल केलं नाही की टॅब्लेटवर हातोडी मारून काही कळत नाही.

पोचलो तेव्हा आप्पा दारातच उभे होते. बनियन, लेंगा, आणि चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याचा भाव.

"मी काय बी केलो न्हाय," ते आधीच म्हणाले.

आतून आक्का ओरडली, "केलासा की! काल सांजच्याला अपडेट कोण दाबलं?"

"ते आठ दिवस विचारायलतं गं, करू का, करू का म्हणून. शेवटी मी हो म्हटलो. किती येळा न्हाय म्हणायचं एखाद्याला?"

शेडमध्ये गेलो. रविवारचे माग बंद होते, त्यामुळे शेडमध्ये कधी नसते तशी शांतता होती. स्टँडवर टॅब्लेट, आणि टॅब्लेटवर एक बाई. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, हात हवेत. शिंक यायच्या आधीचा क्षण असावा. ती नवरीची आत्या होती. तिच्या मागे नवरीचा नुसता कान आणि झुमका दिसत होता. आवाज मात्र मधूनमधून तुकड्यांनी येत होता: "हिर... काठ... अहो, ऐकू ये... वा..."

"अर्धा तास झाला," आक्का म्हणाली. तिच्या अंगावर स्वतःच्या साडीवरून आणखी तीन साड्यांचे पदर होते, एकावर एक. "मी हिरवी दाखवते, ती त्यांना वीस मिनिटांनी दिसते. तवर मी आंबा कलरवर आलेली असते. त्या म्हणतात ही नको, मला कळंना कुठली नको."

मी तिचं ते रूप बघितलं, आत्याबाईंची अडकलेली शिंक बघितली, आणि मला हसू फुटलं. आक्कानं हातातल्या साडीचा पुठ्ठा माझ्या पाठीत घातला.

"हसायला बोलावले काय तुला?"

आधी मी टॅब्लेट बंद करून चालू केला, कॉल परत लावला. काही फरक नाही. मग पुढच्या खोलीत गेलो. वायफायचा राऊटर तिथं टीव्हीच्या वर फळीवर असतो. आक्कानं त्याला साडीच्या उरलेल्या कापडाचं जरीकाठी झबलं शिवलं होतं, धूळ बसू नये म्हणून. ते काढलं, राऊटरचा प्लग काढला, आप्पांनी मोठ्यानं तीस आकडे मोजले, पुन्हा लावला. दिवे नाचले, थांबले. पण शेडमध्ये टॅब्लेटवरचं ते गोल चाक फिरतंय ते फिरतंयच.

मग मला पहिली अक्कल सुचली. शेडमध्येच उभं राहून मी माझ्या फोनवर वायफाय बघितलं. एकदम झकास. म्हणजे राऊटर ठीक, लाइन ठीक, बिघाड टॅब्लेटच्याच डोक्यात.

"मग तुझ्याच फोनवरून दाखवूया," आक्का म्हणाली. लावला. चित्र लगेच आलं, आत्याबाई हलायला लागल्या. पण माझ्या फोनचा कॅमेरा दोनदा खाली पडलेला. आक्कानं हिरवी साडी धरली तर तिकडून नवरी म्हणाली, "निळी छान आहे, पण मला हिरवी पाहिजे होती."

"हिरवीच हाय गं ती!"

"आता जांभळी दिसायल्या," आत्याबाई म्हणाल्या.

आक्कानं फोन माझ्या हातात परत दिला, जशी एखादी खरकटी वाटी परत करतात.

मग तिनं टॅब्लेटवरून पुन्हा कॉल लावला. तो क्षणभर जिवंत झाला आणि लगेच पुन्हा गोठला. मला वाटलं, जागेचा काही प्रश्न असेल. आमचं घर लांबोडकं आहे. पुढची खोली, मग स्वयंपाकघर, मग न्हाणी आणि दोरीवरचे कपडे, आणि शेवटी पत्र्याची शेड. मी टॅब्लेट स्टँडवरून काढला, बोट लागून मागचा कॅमेरा चालू झाला ते मला कळलं नाही, तो तसाच दोन्ही हातांत धरला आणि लग्नातली करवली दिवा घेऊन जाते तसा हळूहळू राऊटरच्या दिशेनं निघालो. आक्का मागे, तीन पदर सावरत. आप्पा पुढे, वाट मोकळी करत.

न्हाणीपाशी आवाज आला. स्वयंपाकघरात चित्र हललं. पुढच्या खोलीत पोचलो तर आत्याबाई एकदम लख्ख, जणू टीव्हीवर बातम्या द्यायला बसल्यात.

"अहो," त्या म्हणाल्या, "मघापास्नं तुमी आमाला काय दाखवायलाय? आधी वाळत घातलेल्या चड्ड्या बघितलो, मग डब्बे बघितलो. आता हे बनियनमधले आजोबा. ह्यातलं आमाला काय बी नको. आमाला शालू पाहिजे."

आप्पा एका उडीत कपाटामागे गेले. शहात्तर वर्षांच्या माणसाची एवढी चपळाई मी पूर्वी पाहिली नव्हती. नवरी तिकडे तोंडाला ओढणी लावून हसत होती, तिचे नुसते खांदे हलताना दिसत होते. आक्कानं "पाच मिनिटं हं ताई," म्हणून कॉल बंद केला आणि मगच भिंतीला टेकून हसली.

आता मला कारण सापडलं होतं. आमचा राऊटर एकाच वेळी दोन नावं फेकतो. एक नुसतं, आणि एक शेवटी पाच लावलेलं. पाचवालं फार जोरात पळतं, पण त्याला भिंती सोसत नाहीत. साधं जरा हळू, पण पार शेडपर्यंत पोचतं. माझा फोन साध्यावर होता. टॅब्लेटही इतकी वर्षं साध्यावरच होता. अपडेटनंतर त्यानं स्वतःच्या मनानं पाचवालं धरलं आणि शेडमध्ये जाऊन दम तोडला. त्याला परत साध्यावर आणलं की काम झालं. एक बटण दाबायचं.

मी दोन दाबली. पाचवाल्यावर बोट ठेवलं, एक यादी आली, त्यात लिहिलं होतं 'विसरा'. दाबलं. विसरलं. मग तोच जोर चालू राहिला आणि साध्यावरही तेच दाबलं. तेही विसरलं. आता टॅब्लेटला जगातलं काहीच आठवत नव्हतं, आणि तो अगदी सभ्यपणे पासवर्ड विचारत होता.

"पासवर्ड काय, आक्का?"

"मला काय ठावं? आप्पांनी घातलेला."

कपाटामागून आप्पा शर्टाची बटणं लावत बाहेर आले. "सोपा हाय. गावाचं नाव आन् पुढं एक दोन तीन."

"कुठलं गाव?"

"आपलंच की. वडगाव."

मी टाकलं. चूक. आक्का म्हणाली, व्हीनं नको, डब्ल्यूनं टाक. टाकलं. चूक. शेवटी डब्ल्यू? चूक. आप्पा म्हणाले, मी कागदावरचं बघूनच सांगितलेलो त्या बसवायला आलेल्या माणसाला, मला इंग्रजी कुठं येतंय. कुठल्या कागदावरचं? ते आठवत नव्हतं.

मग घरातले कागद निघाले. लाइटबिलावर कन्नडच्या वळणानं शेवटी आय होता. आक्काच्या शाळेच्या दाखल्यावर डब्ल्यू, माझ्या दाखल्यावर व्ही. आप्पांच्या आधारकार्डावर मधेच एक जादा ए. जुन्या लग्नपत्रिकेवर आणखीनच निराळं. एका गल्लीत, एका घरात, एका गावाची पाच स्पेलिंगं, आणि पाचही चूक. आप्पा जमिनीवर पसरलेल्या कागदांकडे बघत म्हणाले, "आपण नक्की राहतो तरी कुठं?"

इथं मात्र आम्ही तिघंही हसत सुटलो. आक्का खालीच बसली. मला श्वास घेता येईना. एकजण थांबला की दुसरा "लाइटबिल" एवढंच म्हणायचा आणि पुन्हा सुरू. घड्याळात अकरा वाजून गेलेले, निपाणीला लोक ताटकळत बसलेले, आणि आम्ही बिलांच्या ढिगात लोळत होतो.

आक्काच आधी सावरली. डोळे पुसता पुसता तिची नजर कपाटाशेजारी रचलेल्या साड्यांच्या रिकाम्या खोक्यांवर गेली. ती उठली, एक खोका उचलला आणि झाकणावरचा पत्ता माझ्या नाकासमोर धरला. मी अक्षर अक्षर वाचलं. शेवटी ए ओ एन पाहिजे, तिथं ओ ए एन. छापणाऱ्यानं अक्षरं उलटी लावली होती. म्हणजे वाचायला गेलं तर गावाचा गोवा झालेला.

"व्हय, हेच!" आप्पा एकदम म्हणाले. "हे खोकंच धरून दाखवलेलो मी त्याला. छापील हाय, चुकायचं न्हाय म्हणून."

"आन् मी ह्या खोक्यापायी त्या छापखान्यात जाऊन भांडून आलते," आक्का म्हणाली. "परत छापा म्हणून. दोन हजार खोकी तशीच पडल्यात."

मी टाकलं. उलटं वडगाव, एक, दोन, तीन. टॅब्लेटनं क्षणभर विचार केला आणि जोडला गेला.

शेडमध्ये स्टँडवर परत लावला. चित्र असं आलं की आत्याबाईंच्या नाकातल्या चमकीचे खडे मोजता यावेत. उशीर का झाला हे आक्कानं त्यांना सांगायला सुरुवात केली, पण लाइटबिलापर्यंत येताच तिचा आवाज फुटला. मी सांगायला गेलो, माझाही फुटला. शेवटी आप्पांनी, आता इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेऱ्यासमोर उभं राहून सगळं गंभीरपणे सांगितलं, आणि तिकडे नवरी खुर्चीवरून जवळजवळ घसरली. एवढा वेळ करड्या चेहऱ्यानं बसलेल्या आत्याबाईंनाही हसू आलं. हसता हसता त्यांना ठसका लागला, नवरी त्यांच्या पाठीवर थापट्या मारायला लागली, आणि मग कुठं साड्यांची गोष्ट सुरू झाली.

पुढचा तासभर आक्का नाचल्यासारखी दाखवत होती. पदर उडवून, काठ उन्हात धरून, मागावरची अर्धी विणलेली सुद्धा. मी स्टँड फिरवत होतो, आप्पा घड्या घालत होते. नवरीनं हिरवा शालू घेतला, डाळिंबी काठाचा. आत्याबाईंनी आधी म्हटलं, मला काय नको, मी नुसती बघायला बसल्ये. मग स्वतःसाठी दोन घेतल्या, आणि कॉल बंद करता करता म्हणाल्या, "लग्नाला येताय तिघंबी. पत्रिका पाठवणार न्हाय, हे आमंत्रण समजा."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी ही गोष्ट डबा खाताना सांगितली. माझ्या शेजारी काम करणारा एकजण शांतपणे म्हणाला, "तुझा फोन जोडलेला होता न्हवं? मग त्यातच पासवर्ड दिसतो की. एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र येतं, ते टॅब्लेटला दाखवलं की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम." मी भाकरी तोंडात तशीच धरून बसलो. आक्काला हे सांगावं की नाही यावर दोन दिवस विचार केला आणि सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं तुला ठावं नव्हतं."

लग्नाला आम्ही खरंच गेलो. आक्का गिऱ्हाइकाच्या लग्नाला कधी जात नाही, सुट्टी नसते तिला, पण त्या दिवशी तिनं माग बंद ठेवले. निपाणीच्या मांडवात आत्याबाईंनी आम्हाला लांबूनच ओळखलं. आक्काचा हात धरून तिला बायकांच्या घोळक्यात नेलं आणि प्रत्येकीला सांगितलं, "हिनंच विणलाय शालू." आक्का लाजली. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या बहिणीला लाजताना मी पहिल्यांदाच बघत होतो. बायका एकेक करून नवरीच्या अंगावरचा काठ बोटांनी चाचपून बघत होत्या, आणि आक्का मान खाली घालून धागा, रंग, सगळं समजावून सांगत होती.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर यायच्या आतच आप्पांना झोप लागली. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. आक्काच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत एका कागदावर मांडवातल्या सात बायकांचे नंबर. ती ते नंबर हळू आवाजात वाचत होती, पाठ करत असल्यासारखी.