फॉल्टवाल्या काकू

फॉल्टवाल्या काकू बिघडलेल्या राउटरला आधी हात लावत नसत. आधी खुर्ची मागत. खुर्चीवर बसून, पर्स मांडीवर घेऊन घरातल्या माणसाला विचारत, "शेवटचं नीट कधी चाललं होतं?" मग, "त्यानंतर काय केलं?" दुसऱ्या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर मिळायचं, "काही नाही केलं." काकू मान हलवत आणि गप्प बसत. त्यांचं ते गप्प बसणं फार वेळ सोसवायचं नाही. दोन मिनिटांत माणूस कबूल व्हायचा. जाळी झाडताना वायर ओढली गेली, इन्व्हर्टरवाला येऊन गेला, भाच्यानं मोबाइलवरून काहीतरी बदललं. "अच्छा," काकू म्हणत, "चलो, आता पाहू."

तीस वर्षं त्या टेलिफोन खात्यात तक्रारीच्या टेबलावर होत्या. ज्याचा फोन बंद, तो शेजाऱ्याकडून फोन लावून काकूंच्या कानात ओरडायचा. अर्धं जबलपूर त्यांना आवाजानं ओळखत होतं, चेहऱ्यानं नाही. "फोन बिघडला म्हणून नाही ओरडत गं लोक," त्या म्हणायच्या. "घरी कोणी ऐकून घेत नाही, अन् इथं सरकारी पगारावर ऐकणारी बाई सापडली." निवृत्त झाल्यावर त्यांनी जावयाकडून वायफायचं सगळं शिकून घेतलं. आमच्या कॉलनीत मराठी घरं मोजकीच, पण काकूंना सगळेच बोलवायचे. हिंदी घरांतून त्या 'फॉल्टवाली आंटी', आमच्याकडे फॉल्टवाल्या काकू. चहा बिनसाखरेचा, एवढीच त्यांची अट.

दुसरी सवय मला सुरुवातीला नाटकी वाटायची. "आता पासवर्ड टाका," असं म्हणून काकू उठायच्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. घरमालक आठ अक्षरं टाकेपर्यंत कॅलेंडरवरची एकादशी वाचायच्या. लोक म्हणायचे, "अरे आंटीजी, आपसे क्या छुपाना!" काकूंची पाठ तशीच. एकदा मी काहून म्हणून विचारलं. "एक्स्चेंजमध्ये एका खटक्यावर कोणाचंही बोलणं ऐकू यायचं," त्या म्हणाल्या. "ऐकलं असतं तर बाजारात कोणत्या तोंडानं भाजी घेतली असती?"

हे मला तेव्हा पटलं नाही, कारण मी लढाईत होते. सरळच सांगते. आमच्या कॉलनीच्या मागे एक तलैया, म्हणजे लहानसं तळं, आहे. तिच्या जिवावर आमच्या बोअरिंगना मे महिन्यात पाणी असतं. सोसायटीच्या कमिटीनं ती बुजवून पार्किंग आणि लग्नाचं लॉन करायचं ठरवलं. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. मी पत्रकं काढली, घरोघर वाटली, अध्यक्षांच्या गाडीच्या काचेवरही चिकटवली. पत्रकात 'कदाचित' हा शब्द बसत नाही. तो माझ्या डोक्यातही बसत नव्हता.

तर एक दिवस काकू अध्यक्षांच्या घरचं वायफाय नीट करून येताना मला भेटल्या. मी लगेच म्हटलं, "काकू, त्यांच्या नेटमध्ये शिरता येईल ना तुम्हाला? ठेकेदाराशी काय बोलणं चाललंय ते कळलं तर उद्याच भांडं फोडते."

काकूंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "येईल शिरता."

"मग?"

"मग काय? तुझ्या घरचं नेटही मीच लावलं आहे."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मला वाटलं, ही बाई अन्यायापुढे सोवळं पाळून राहिली आहे.

पण गरज माझीच होती. तलैयाबद्दलच्या हरकती महापालिका फक्त ऑनलाइन घेणार होती. ज्याची त्यानं भरायची, आपल्या फोनवर आलेला ओटीपीचा आकडा टाकून. शेवटची तारीख ठरलेली, संध्याकाळी पाचपर्यंत. आमचा भाग खोलगट, मोबाइलवर फोन आणि मेसेज कसेबसे येतात, नेट चालत नाही. कॉलनीच्या गणेश मंडळाच्या खोलीत वायफाय होतं. ज्यांच्या घरी नाही, अशा लोकांना तिथं बोलवायचं ठरलं. काकूंनी येऊन सगळं नीट लावून दिलं आणि कंपनीनं दिलेलं कनेक्शनचं नाव आणि पासवर्ड माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतलं, अर्थात भिंतीकडे तोंड करून. "हा कागद गणपतीच्या फोटोमागे ठेव. राउटर कोरा झाला तर याच्याशिवाय पुन्हा जोडता येत नाही. मी ठेवत नसते."

त्या गेल्यावर मी दोन कामं केली. पहिलं, वायफायचं कुलूप काढून टाकलं. जनतेच्या लढ्याला पासवर्ड कसला? येईल त्यानं जोडावं. काकूंना कळलं तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या, "उघडं नेट म्हणजे रस्त्यावर टाकलेलं टपाल. लोक आपल्या फोनवर आधार नंबर टाकणार अन् तू दार उघडं ठेवून बसणार?" मी म्हटलं, "काकू, आमचं लपवण्यासारखं काही नाही." त्या म्हणाल्या, "तुझं नसेल. त्यांचं काहून ठरवते?" मी हसण्यावारी नेलं. दुसरं काम कोणतं केलं, ते मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

शेवटच्या दिवशी सकाळपासून खोली भरली. कॉलनीतले म्हातारे सोनीदादा आले, शाळेतल्या बाई आल्या, फॅक्टरीतून सुटी घेऊन दोघं-तिघं आले. दुपारपर्यंत ठीक चाललं. मग चाक फिरत राहायला लागलं. "दीदी, ये तो घूम ही रहा है." एकाचं, दोघांचं, मग सगळ्यांचंच. मी टेबलावर चढले आणि सांगितलं की हा कट आहे, अध्यक्षांनी लाइन तोडायला लावली आहे. लोक भडकले. सोनीदादांनी खिडकीतून अध्यक्षांच्या बंगल्याकडे बघून अशी शिवी दिली की शाळेतल्या बाईंनी कानावर हात ठेवले. मला फार बरं वाटलं. त्याच भरात मी टाचणी घेतली आणि राउटरच्या मागच्या बारक्या भोकात घुसवून धरली. दिवे विझले, परत लागले, पण एक लाल. आता कोणाच्याच फोनवर मंडळाचं नाव दिसेना. भलतीच काही इंग्रजी अक्षरं-आकडे दिसत होते.

गणपतीच्या फोटोमागे हात घातला. कागद नव्हता.

काकू आल्या तेव्हा अडीच वाजले होते. त्यांनी खुर्ची मागितली. भरल्या खोलीत, तीस-पस्तीस माणसांसमोर, पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

"शेवटचं नीट कधी चाललं होतं?"

"एक वाजता."

"त्यानंतर काय केलं?"

"काही नाही केलं. लाइन तोडली त्यांनी."

काकूंनी मान हलवली आणि गप्प बसल्या. मी घड्याळाकडे पाहिलं. लोक माझ्याकडे पाहत होते. बाहेर शेजारच्या लग्नघरातली पोरं आमच्या भिंतीला टेकून मोबाइलवर क्रिकेट बघत होती, आता बंद पडलं म्हणून कुरकुरत होती. ते दिसलं आणि मला उमगलं. लाइन कोणी तोडलीच नव्हती. मी उघडं ठेवलेलं नेट सगळ्या गल्लीनं मिळून ओढलं होतं.

"मी रीसेट दाबलं," मी म्हटलं. "आणि पासवर्ड मीच काढला होता. आणि लाइन तोडल्याचं मला माहीत नव्हतं, मी नुसतं म्हटलं."

सोनीदादा म्हणाले, "तो बिटिया, हमसे गाली काहे दिलवाई?"

कोणी हसलं नाही. काकूच हसल्या, थोडंसं. "चलो, फॉल्ट सापडला. कागद कुठं आहे?"

तेव्हा मला दुसरं काम आठवलं. आदल्या आठवड्यात शेवटचं पत्रक सुचलं, हाताशी कागद नव्हता, म्हणून फोटोमागचा कागद काढून त्याच्या पाठीवर मी मजकूर लिहिला आणि छापखान्यात देऊन आले. आमच्या क्रांतीचा मसुदा आणि आमच्या नेटची किल्ली एकाच कागदावर, गंजीपुऱ्यातल्या छापखान्याच्या खिळ्याला टोचलेली.

"कमाल आहे तुझी," काकू म्हणाल्या. "लाव फोन त्याला. स्पीकर बंद. एकटी ऐक."

छापखानेवाले भैया भले माणूस. खिळ्यावरचे कागद उलटेपालटे करून त्यांनी तो काढला आणि वाचायला लागले. माझं अक्षर मलाच लागत नाही, त्यांना काय लागणार? आवाजही तुटत होता. मी ओरडायला लागले तशा काकू दाराबाहेरून म्हणाल्या, "ओरडू नको. गावं विचार. पाटनचा पी का बालाघाटचा बी? मझौलीचा एम का नरसिंहपूरचा एन?" तक्रारीच्या टेबलावरची ही पद्धत. त्या बाहेर ओट्यावर जाऊन उभ्या होत्या, मी आत जिल्ह्यातली अन् आसपासची गावं फोनवर गोळा करत होते. भैयांना मजा वाटायला लागली. "कुंडम का के, दीदी, पक्का कुंडम!"

सव्वातीनला हिरवा दिवा लागला. काकूंनी नाव पूर्वीचंच ठेवलं, कुलूप नवं घालायला लावलं. आता नवी अडचण. फोन जोडेचनात. "त्यांना जुनीच ओळख आठवून राहिली," काकू म्हणाल्या. "आधी फोनला विसरायला सांगा, मग नव्यानं जोडा." त्यांनी एकेकाला शिकवलं. स्वतः कोणाचाही फोन हातात घेतला नाही. सोनीदादांना तीनदा सांगावं लागलं, तीनदा सांगितलं. मला वाटत होतं, द्या इकडे, मी भरते सगळ्यांचे! काकूंनी माझा हात धरला. "त्यांची हरकत आहे. त्यांना करू दे."

पाचला दहा मिनिटं असताना शेवटची हरकत गेली. वाट पाहून आधीच निघून गेलेली चार माणसं राहिली. ती चार माझ्यामुळे राहिली. हे मी तेव्हापासून प्रत्येक सभेत सांगते.

लोक पांगल्यावर काकू म्हणाल्या, "आता बंगल्यावर जा."

"कशाला?"

"लाइन तोडली म्हणालीस ना? ते मागे घेऊन ये. बाकीचं भांडण चालू ठेव, त्याला मी कुठं नाही म्हणून राहिले?"

मी गेले. अध्यक्ष झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी माझी माफी खारे शेंगदाणे खावेत तशी चवीनं खाल्ली, दोनदा मागायला लावली. परत येताना मला रडू येत होतं. पण सुनावणीच्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे उभं राहून "ही मुलगी खोटं पसरवते" असं म्हटलं, तेव्हा मीच उठून सांगितलं की होय, एकदा पसरवलं आणि त्याच संध्याकाळी यांच्या दारात जाऊन मागे घेतलं. यांनी सांगावं, बाकी पत्रकातलं कोणतं वाक्य खोटं आहे? अध्यक्षांनी पत्रक वर-खाली पाहिलं. एक वाक्य निघालं नाही.

निकाल यायच्या आत काकू नागपूरला लेकीकडे राहायला गेल्या. गुडघे थकले होते, जिने चढवत नव्हते. निरोप वगैरे काही नाही. "सकाळच्या गाडीनं जाऊन राहिले," एवढा मेसेज. त्यानंतर कॉलनीतल्या घरांतून मला बोलावणी यायला लागली. मी जाते. अजून फार येत नाही, शिकते आहे. पत्रकंही लिहिते, पण छापायला देण्याआधी रात्रभर ठेवते आणि सकाळी प्रत्येक वाक्याला विचारते की हे तुला कसं कळलं.

निकाल लागला तो दिवस मंगळवार होता. तलैया बुजवायची नाही. मी कार्यालयाच्या पायऱ्यांवरूनच काकूंना फोन लावला आणि किंचाळून सांगितलं. पलीकडे त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान झालं. पाणी किती आहे गं आता?"

मला माहीत नव्हतं. आठ महिने तिच्यासाठी भांडले, त्यात शेवटचं तिच्या काठाला कधी गेले होते, तेच आठवेना.

"जाऊन पाहून सांगते," मी म्हटलं.

"फोन ठेवू नको. मी आहे."

मी स्कूटी तशीच काढली, फोन खिशात चालू. कॉलनीच्या मागे उतरले, बेशरमाच्या झुडपांतून वाट काढत खाली गेले. तिथं नेट नाही, पण आवाज पोचत होता. घाटाच्या पायऱ्या वरून मोजल्या. चार कोरड्या, पाचवी ओली, सहावी पाण्यात. एक बगळा होता. कोणीतरी कपडे धुऊन झुडपांवर वाळत घातले होते. मी हे सगळं एकेक करून काकूंना सांगत गेले, आणि पहिल्यांदाच मला कशाला पदरचं काही जोडावंसं वाटलं नाही.