खडूच्या चार रेघा

आर्डिथच्या जीपच्या प्रत्येक टायरवर, अगदी वरच्या बाजूला, खडूची एक उभी रेघ असते. उन्हं तापायला लागली की ॲरिझोनातल्या आमच्या हिवाळी मुक्कामावरची माणसं आपापली मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, काढून उत्तरेला निघतात आणि बहुतेकांच्या मागे छोटी गाडी चारही चाकांवर ओढली जात असते. पण टायरवर खडू लावणारी आर्डिथ एकटीच.

तिचा नवरा लाइल होता तोवर खडू लागत नव्हता. गाडी जोडायचं काम त्याचं. जोडून झालं की आर्डिथ मोटरहोम थोडी पुढे घ्यायची आणि तो बाजूनं चालत जीपची चाकं नीट फिरताहेत ना, ते बघायचा. मग मागे उभा राहून दिव्यांची नावं ओरडायचा, "डावा! उजवा! ब्रेक!" गेल्या नोव्हेंबरात तो गेला. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई ती, गाडीला घाबरणारी नव्हे. पण बाजूनं चालायला माणूस नव्हता. म्हणून तिनं ही रेघांची युक्ती काढली. थोडं पुढे जायचं, उतरायचं, बघायचं. रेघ वरून हलली असेल तर चाक फिरलं.

हिवाळाभर ती सकाळी जीप जोडायची आणि दुपारी सोडायची.

"अगं, जोडायचा दांडा झिजेल तो!" मी शेजारून म्हणायचे.

"झिजू दे. मी झिजत नाहीये ना?"

मार्च संपता संपता तिचा मुलगा कर्ट फिनिक्सहून आला. आईनं मोटरहोम विकावी आणि आपल्या घरी येऊन राहावं, असं त्याचं म्हणणं. तिला मात्र मोंटानातल्या तळ्याकाठी जायचं होतं, जिथे ती आणि लाइल दर उन्हाळ्यात जायचे. दोन दिवस त्यांचं चाललं होतं. शेवटी कर्ट म्हणाला, "ठीक आहे. माझ्यासमोर एकटीनं जोडून दाखव. एक चूक झाली तर विषय संपला."

"आणि नाही झाली तर?"

"तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"हे जमेल तुला?" आर्डिथ म्हणाली, आणि हातमोजे चढवले.

आमच्याकडे रीत अशी, की कुणी गाडी जोडत असेल तर त्याच्याशी बोलायचं नाही. कुणी बोललंच तर जोडणारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, कारण अर्धवट सोडलेलं कामच विसरतं. कर्टला हे कुठलं माहीत! आर्डिथनं दांड्याच्या खिळी बसवल्या, तोच त्यानं विचारलं, "आई, रक्तदाबाची गोळी घेतलीस का?"

तिनं खिळी काढल्या आणि पुन्हा सुरू केलं.

"काय झालं? का काढल्यास?"

तिनं परत खिळी काढल्या.

"अरे बाबा, गप बस!" मी माझ्या खुर्चीतून म्हटलं. "नाहीतर इथेच उन्हाळा जाईल आपला."

मला त्याचा राग येत नव्हता. माझी मुलगी बर्फातून गाडी घेऊन कामाला जाते, तेव्हा ती पोचल्याचा फोन येईपर्यंत मी घरभर फिरते. त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, फक्त उलट्या दिशेनं.

तिनं खिळी पुन्हा बसवल्या. जीपच्या आत शिरून तिनं गिअर न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक सोडला आणि स्टिअरिंग मोकळं फिरतंय का ते पाहिलं. मग पुढे येऊन गुडघ्यांवर बसली. सुरक्षेच्या साखळ्या, दिव्यांची वायर, जीप सुटलीच तर तिचा ब्रेक ओढणारी बारीक तार, सगळं हात लावून तपासलं. टायरवर रेघा ओढल्या. मोटरहोममध्ये चढून दोन गाड्यांइतकी पुढे गेली आणि उतरली.

पुढच्या दोन रेघा खाली गेल्या होत्या. मागच्या दोन होत्या तिथेच, आकाशाकडे तोंड करून. खडीत मागच्या चाकांनी दोन चर पाडले होते.

आर्डिथनं जीपचं दार उघडलं. हँडब्रेक ओढलेला.

"मी सोडला होता," ती हळू आवाजात म्हणाली. माझ्याकडे पाहिलं. "सोडला होता ना मी?"

मी कुठून सांगणार? माझ्या खुर्चीतून जीपचं ते दारच दिसत नव्हतं. ती जीपला टेकून उभी राहिली. लाइलच्या दफनविधीलाही ती इतकी म्हातारी दिसली नव्हती. हिवाळाभराचा सराव आणि शेवटी हे. तिनं एक मोजा काढला.

कर्टला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहिला असता तरी त्याच्या मनासारखं झालं असतं.

"आई, मोजा घाल," तो म्हणाला. "तू साखळ्या लावत होतीस तेव्हा मी जीपमध्ये राहिलेला माझा चष्मा घ्यायला आत बसलो होतो. उतरताना ओढला मी. सवयीनं. फिनिक्सला आमचा रस्ता उताराचा आहे."

आर्डिथनं मोजा पुन्हा चढवला. "गाढवा," ती म्हणाली, पण असं, की मलाच जवळ घेतल्यासारखं वाटलं.

"पण तुला सापडलं," तो म्हणाला. "मी इथे नसतो तरी सापडलं असतं."

"तू इथे नसतास तर ओढला कुणी असता?"

तिनं पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. या वेळी कुणी चकार शब्द काढला नाही. शेजारच्या कुत्र्यानंसुद्धा. ती पुढे गेली, उतरली. चारही रेघा खाली गेल्या होत्या.

मग तिनं खिडकीतून डोकं काढलं. "कर्ट! मागे जाऊन उभा राहा. दिवे सांग."

तो धावतच गेला.

"डावा!" तो ओरडला. "उजवा! ब्रेक!"

जीपचे लाल दिवे लागले आणि लागलेलेच राहिले.

"लागलेत, आई!"

दिवे तसेच. मोटरहोमच्या खिडकीतून हात नाही, आवाज नाही. नुसता तो लाल उजेड, ब्रेकवरून पाय न उचलल्याचा.

"लागलेत गं," कर्ट पुन्हा म्हणाला, आता ओरडून नव्हे. त्यानं जीपच्या मागच्या काचेवर हात ठेवला.

मग लाल दिवे विझले आणि त्याच्या हाताखालून काच पुढे सरकली. तो फाटकापर्यंत बाजूनं चालत गेला, मान खाली घालून, चाकांकडे बघत.